गेन आणि मास्टर : दोन बटणांची हद्द

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बटणांची जी रांग असते तीत ‘गेन’ आणि ‘मास्टर’ या नावांची दोन बटणे बहुधा आढळतात. नवशिक्या वादकाने त्यांपैकी कोणतेही उजवीकडे फिरवले की आवाज वाढतो, आणि एवढ्याशा पुराव्यावरून दोन्ही बटणे एकाच कामाची असून त्यांतले एक कारखानदाराने केवळ शोभेसाठी बसवले असावे, असा त्याचा ग्रह होऊन बसतो. घरच्या खोलीत भरदार वाटलेला नाद सभागृहात कर्कश का झाला, साथीला ड्रम आणि बेस गिटार येताच आपले वाद्य कोठे गडप झाले, एकल वादनाची पाळी आली असता बटण पिळूनही आवाज पुढे का येईना, तारांवरचा हात उचलताच स्पीकर का किंचाळतो, अशा ज्या तक्रारी वादकांच्या तोंडी नेहमी असतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दोन बटणांचे अखत्यार परस्परांत मिसळल्यामुळे झालेल्या घोटाळ्यात सापडते. स्थूलमानाने सांगायचे तर नादाचा स्वभाव गेनच्या अखत्यारीत येतो आणि नादाची तीव्रता मास्टरच्या. परंतु ही वाटणी कागदावर दिसते तितकी निखळ प्रत्यक्षात उतरत नाही, आणि ती कोठे व कशामुळे ढळते हे ज्याला उमगले त्याला आपला ॲम्प्लिफायर लावता येऊ लागला असे खुशाल समजावे.

या वाटणीचे कारण कळण्यासाठी तारेपासून स्पीकरपर्यंतचा विजेचा प्रवास एकदा पाहून घेणे अगत्याचे आहे. गिटारच्या पोलादी तारांखाली जो पिकअप असतो तो म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची तार कंप पावू लागली की तेथील चुंबकीय क्षेत्र हालते आणि त्या वेढ्यांत विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो, जो सामान्यतः एका व्होल्टच्या दशांशाच्या आसपास असतो आणि तार जोराने छेडली तर क्षणभर एका व्होल्टच्या घरात जातो. उलटपक्षी ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरने ८ ओहमचा स्पीकर पूर्ण शक्तीने हालवायचा म्हटले की त्याला २० व्होल्टचा दाब आणि अडीच अँपियरचा प्रवाह पुरवावा लागतो. ही मजल दोन टप्प्यांत मारली जाते. पहिल्या टप्प्याला प्रीॲम्प म्हणतात. तेथे क्षीण दाब पायरीपायरीने वाढवला जातो आणि बास, मिडल, ट्रेबल यांची तजवीजही तेथेच होते. दुसरा टप्पा पॉवर ॲम्पचा. स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे ढकलण्याचे बळ तेथे मिळते. गेनचे बटण पहिल्या टप्प्याच्या आरंभी बसवलेले असते आणि मास्टरचे बटण दोन टप्प्यांच्या दरम्यान. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : यांतले कोणतेही बटण स्वतः काहीच वाढवत नाही. दोन्ही केवळ अडवणूक करणारे रोध आहेत. बटण पूर्ण उघडले म्हणजे अडवणूक संपली, इतकाच त्याचा अर्थ. वाढवण्याचे काम व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर अहोरात्र एकाच प्रमाणात करीत असतात, आणि त्यांच्यापुढे किती माल रुजू व्हावा एवढेच बटण ठरवते.

आता त्या व्हॉल्व्हकडे वळू. गिटारच्या ॲम्प्लिफायरांत प्रीॲम्पसाठी जो व्हॉल्व्ह सर्रास वापरला जातो तो अमेरिकेत १२ एएक्स ७ या नावाने आणि युरोपात ईसीसी ८३ या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्ष मंडलात त्याची एकेक पायरी आलेला दाब साधारणपणे पन्नास-साठ पटींनी वाढवते. पण त्याला मिळणाऱ्या विजेच्या पुरवठ्याला मर्यादा असल्यामुळे त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या तरंगाच्या उंचीलाही मर्यादा असते. लहान तरंग आत गेला तर तसाच मोठा होऊन बाहेर येतो; मोठा तरंग आत सोडला तर माजघराच्या ठेंगण्या दारातून ताठ मानेने जाऊ पाहणाऱ्या उंच गृहस्थाची पगडी जशी चौकटीला अडते, तसा त्याचा माथा वरच्या हद्दीला अडतो आणि सपाट होतो. माथे सपाट झालेल्या या तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर नव्याने मिसळतात, आणि यालाच वादक मंडळी ‘डिस्टॉर्शन’, म्हणजे विकृती, म्हणतात. त्याचबरोबर आणखी एक परिणाम घडतो, आणि पुढील विवेचनात तो वारंवार उपयोगी पडणार आहे : हद्द गाठल्यावर तार कितीही जोराने छेडली तरी तरंगाची उंची वाढत नाही, त्यामुळे हळू आणि जोराच्या आघातांतील तफावत मिटत जाते, क्षीण होत चाललेला स्वरही बराच काळ पूर्ण उंचीवर टिकतो, आणि गिटारला व्हायोलिनसारखा लांबणारा सूर प्राप्त होतो.

हा फेरफार एका स्वरावर रम्य वाटतो म्हणून कोणत्याही स्वरसमूहावर रम्य वाटेलच असे नाही. दोन स्वर एकत्र अशा मंडलातून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर आपोआप निर्माण होतात. गिटारची जाड बाजूने दुसरी तार मोकळी छेडली असता सेकंदाला ११० कंपने होतात. तिला षड्ज मानून तिच्याबरोबर पंचम वाजवला तर त्याची कंपने सुमारे १६५ भरतात, आणि दोहोंतील अंतर ५५ म्हणजे नेमके त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्जाइतके येते. न वाजवलेला खर्जाचा स्वर असा फुकटात पदरी पडल्यामुळे नाद भव्य होतो. रॉक संगीतात केवळ षड्ज-पंचमाच्या जोडीला एवढे महत्त्व का आले याचे उत्तर या वजाबाकीत आहे. पंचमाऐवजी शुद्ध गंधार घेतला तर गिटारच्या पडद्यांवरील समविभागी स्वरांच्या हिशेबाने त्याची कंपने सुमारे १३८.६ होतात, अंतर २८.६ येते आणि ते षड्जाच्या कोणत्याही सप्तकाशी नीट जुळत नाही. परिणामी गढूळपणा उत्पन्न होतो. गेन जितका अधिक तितके हे न बोलावलेले स्वर अधिक, हा नियम विसरून चार-पाच स्वरांचा मेळ चढ्या गेनवर वाजवणाऱ्यास केवळ गोंगाट ऐकू आला तर त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

इतिहास असा की, ज्या विकृतीचे आज एवढे कौतुक होते ती आरंभीच्या कारखानदारांच्या दृष्टीने निव्वळ दोष होती. कॅलिफोर्नियात १९४६ मध्ये आपल्या नावाची कंपनी काढणारे लिओ फेंडर यांचा सारा प्रयत्न नाद अधिकाधिक स्वच्छ आणि अधिकाधिक मोठा करण्याकडे होता. वादकांची मर्जी मात्र वेगळ्या दिशेला झुकत गेली. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यातील गिटारचा खरखरीत नाद वाटेत मोडलेल्या ॲम्प्लिफायरचा होता असे सांगतात. १९६४ मध्ये ‘किंक्स’ या इंग्रजी वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद हेतुपुरस्सर पात्याने चिरला. याच सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरचा कित्ता गिरवून आपला ‘जेटीएम ४५’ तयार करविला, आणि १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या वृंदाच्या पीट टाउनशेंड यांच्या आग्रहावरून त्यांच्या कारखान्यातून १०० वॅटची यंत्रे बाहेर पडू लागली. या सर्व यंत्रांवर मास्टर नव्हता. होते ते केवळ व्हॉल्यूमचे बटण, आणि तेही प्रीॲम्पच्या आरंभी. विकृत नाद हवा असेल तर ते पूर्ण उघडावे लागे, आणि ते पूर्ण उघडले की सगळी शंभर वॅट शक्ती श्रोत्यांच्या अंगावर येई. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी रंगमंचावरील तीव्रता स्टुडिओत कमी करण्यास साफ नकार दिला. त्या हट्टात लहरीचा भाग असेल तेवढा असो, पण त्या यंत्रातून तो नाद काढण्याचा दुसरा मार्गच तेव्हा उपलब्ध नव्हता.

तो मार्ग १९७० च्या दशकात निघाला. फेंडर कंपनीने १९७२ च्या सुमारास आपल्या ‘ट्विन रिव्हर्ब’वर मास्टरचे बटण बसवले, कॅलिफोर्नियातच रँडल स्मिथ यांनी छोट्या फेंडर ॲम्प्लिफायरांत प्रीॲम्पची एक जादा पायरी घालून आणि पुढे वेगळा मास्टर देऊन जी यंत्रे घडवली त्यांतून ‘मेसा बूगी’ हा कारखाना उदयास आला, आणि १९७५ च्या सुमारास मार्शल कंपनीने २२०३ व २२०४ या क्रमांकांची यंत्रे काढली, जी १९८१ पासून ‘जेसीएम ८००’ या नावाने विख्यात झाली. त्या यंत्रांच्या पट्टीवर ‘गेन’ हा शब्दही नाही. एका बटणाखाली ‘प्रीॲम्प व्हॉल्यूम’ आणि दुसऱ्याखाली ‘मास्टर व्हॉल्यूम’ असे सरळ लिहिलेले आहे. पहिले बटण उघडून प्रीॲम्पचे व्हॉल्व्ह हवे तितके हद्दीवर न्यावेत आणि दुसरे आवळून पॉवर ॲम्पकडे जाणारा ओघ माफक ठेवावा, अशी ही सोय होती. आणि तिच्यामुळे रंगमंचाची विकृती प्रथमच दिवाणखान्यात बसून ऐकण्याची मुभा वादकाला मिळाली.

तथापि या सोयीची किंमत मोजावी लागते, आणि येथेच वर म्हटलेली वाटणी ढळते. जुन्या यंत्रांचा जो नाद लोकप्रिय झाला तो केवळ प्रीॲम्पच्या विकृतीचा नव्हता. पॉवर ॲम्पचे मोठे व्हॉल्व्ह, त्यांच्या आधीचे कला-विभाजक मंडल, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, ऐन आघाताच्या वेळी किंचित खचणारा वीजपुरवठा आणि शेवटी स्वतः स्पीकर, या सर्वांनी आपापल्या परीने त्या तरंगाला वाकवलेले असे. मास्टर आवळला की ही सारी मंडळी निद्रिस्त राहतात आणि विकृतीचा संपूर्ण भार एकट्या प्रीॲम्पवर पडतो. मग नाद बारीक, भुणभुणणारा, वाळूतून ओढल्यासारखा लागतो, आणि वादक त्यावर उपाय म्हणून गेन आणखी वाढवतो, ज्यामुळे दुखणे बळावते. म्हणून मास्टर हे केवळ तीव्रतेचे बटण आहे हे विधान तो मध्यापर्यंत येईतो खरे आणि त्यापुढे हळूहळू खोटे होत जाते. मास्टर वर आणि गेन खाली ठेवून पाहिले तर त्याच यंत्रातून जुन्या पद्धतीचा, बोटांच्या जोराला ताबडतोब प्रतिसाद देणारा नाद निघतो. जागेमुळे इतकी तीव्रता परवडत नसेल तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारा ॲटेन्युएटर वापरावा. तो पॉवर ॲम्पची जादा शक्ती उष्णतेत घालवून उरलेली स्पीकरला देतो. व्हॉल्व्हचे यंत्र मात्र स्पीकर किंवा तत्सम भार जोडल्याशिवाय कधीही चालवू नये; त्यात ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

बटणांवरील आकड्यांवर इतबार ठेवणे ही दुसरी गफलत होय. ५ हा आकडा १० च्या निम्मा असला तरी ५ वरील आवाज १० वरील आवाजाच्या निम्मा असतो असे नाही; अनेक यंत्रांत २ ते ४ या अवकाशातच बहुतेक तीव्रता हाती येते आणि पुढे केवळ विकृती वाढते. वॅटच्या हिशेबाचीही तीच गत आहे. शक्ती निम्मी केली, म्हणजे १०० वॅटच्या जागी ५० वॅट घेतले, तर तीव्रता अवघी ३ डेसिबलने उतरते आणि कानाला तो फरक जुजबी वाटतो; आवाज निम्मा झाल्याचा भास होण्यासाठी साधारणपणे १० डेसिबलचा उतार, म्हणजे १०० वॅटवरून १० वॅट, असे यावे लागते. शिवाय कान हा स्वतःच एक पक्षपाती साक्षीदार आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज हळू असताना मनुष्याच्या कानाला खर्जाचे आणि फार वरच्या पट्टीचे स्वर मध्यम स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ही तूट भरून निघते. घरात हळू आवाजात वादक बास व ट्रेबल चढवतो आणि मिडल उतरवतो, तेव्हा तो नकळत आपल्या कानाची तूट भरून काढत असतो. तीच बटणे तशीच ठेवून सभागृहात मास्टर वाढवला की बास गडगडतो, ट्रेबल टोचतो आणि ज्या मध्यम स्वरांच्या आधारे गिटार इतर वाद्यांतून वाट काढते ते स्वर मात्र जागेवर नसतात. तात्पर्य, ज्या तीव्रतेवर वाजवायचे त्या तीव्रतेवरच नाद जुळवावा.

प्रत्यक्ष जुळवणी कशी करावी याचा एक शिरस्ता येथे देतो. बास, मिडल आणि ट्रेबल मध्यावर ठेवावेत, गेन शून्यावर आणावा, मास्टर अपेक्षित तीव्रतेच्या थोडा खाली ठेवावा आणि गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण पूर्ण उघडावे. आता सर्वांत जाड तार नेहमीच्या जोराने छेडत गेन हळूहळू वाढवत जावा. प्रथम स्वर स्वच्छ आणि किंचित कोरडा लागेल. मग एक जागा अशी येईल की हळू छेडले असता स्वर स्वच्छ राहतो, पण जोराने छेडले असता त्याच्या आरंभाला बारीकशी खर उमटते आणि मागाहून विरते. ही खर उमटण्याची जागा नीट लक्षात ठेवावी, कारण तिच्या खाली स्वच्छ नादाचा प्रांत आहे आणि तिच्या वर विकृत नादाचा. पुढे किती जायचे हे गाण्याच्या प्रकृतीवर ठरवावे. तेथून पुढे गेन वाढवताना प्रत्येक वेळी तीन गोष्टी ऐकाव्यात : आघाताची धार शाबूत आहे की नाही, एकाच वेळी छेडलेले दोन स्वर वेगळे ओळखू येतात की नाही, आणि हात थांबवताच मागे किती खरखर उरते. यांतील एकही गोष्ट बिघडू लागली की गेन एक पायरी मागे घ्यावा आणि मास्टरने तीव्रता पुरी करावी. तीव्रता वाढल्यावर पूर्वीचाच गेन अधिक वाटतो, सबब तो पुन्हा थोडा उतरवावा लागला तर नवल मानू नये. बास-ट्रेबल यांची पाळी सर्वांत शेवटी. तीतही यंत्राची रचना पाहावी, कारण मेसा बूगीच्या ‘मार्क’ मालिकेत ही बटणे विकृतीच्या आधी येतात, आणि तेथे चढ्या गेनवर बास जवळजवळ मिटवूनच ठेवावा लागतो, तर मार्शलच्या यंत्रांत ती मागाहून येत असल्याने बास वाढवला तरी विकृतीत तेवढा चिखल होत नाही.

गेन किती असावा या वादाचा निकाल एका वाक्यात देता येण्याजोगा आहे : काम भागेल तेवढा, त्याहून अधिक नको. एकट्याने वाजवताना चढा गेन मोहक वाटतो, कारण तो स्वर लांबवतो, बोटांच्या चुका झाकतो आणि नाद भरीव करतो. पण वृंदात हेच गुण अंगलट येतात. सपाट झालेल्या तरंगात उठावदार टोके उरत नाहीत आणि टोकांवाचून गिटार ड्रमच्या आघातांतून वर येत नाही. भर म्हणून पिकअपने टिपलेली घरगुती विजेची गुणगुणही गेनबरोबर तितक्याच पटीने वाढते. नॉईज गेट नावाचे साधन ती स्वर थांबल्यावर तोडते, स्वर चालू असताना मात्र ती आतच राहते. एकाच ओळीवर दोन-तीन वेळा गिटार ध्वनिमुद्रित करायची असेल तर प्रत्येक वेळचा गेन रंगमंचापेक्षा कमी ठेवण्याची वहिवाट स्टुडिओंत आहे, कारण थरावर थर चढले की त्यांची विकृतीही साचते. गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण हाही गेनचाच एक भाऊबंद होय, आणि त्याचा उपयोग फार थोडे वादक करतात : गेन हव्या त्या कमाल मर्यादेवर लावून ते बटण १० वरून ६ वर उतरवले की बराचसा स्वच्छ नाद, आणि पुन्हा १० वर नेले की विकृत नाद, असे दोन्ही प्रांत करंगळीच्या टप्प्यात येतात.

एकल वादनाच्या वेळी आवाज का वाढत नाही, या तक्रारीचा खुलासाही यातच आहे. वादक पायाखालचा बूस्ट, म्हणजे तरंग वाढवणारे पेडल, दाबतो. तो ॲम्प्लिफायरच्या आधी जोडलेला असतो आणि ॲम्प्लिफायर आधीच हद्दीवर असतो, त्यामुळे वाढलेला माल चौकटीवर आपटून आणखी सपाट होतो, विकृती वाढते आणि तीव्रता होती तेथेच राहते. तोच बूस्ट यंत्राच्या पाठीमागील ‘सेंड-रिटर्न’च्या जोडणीत, म्हणजे प्रीॲम्प संपल्यावर आणि पॉवर ॲम्पच्या आधी बसवला, तर नादाचा स्वभाव न बदलता तो पुढे येतो, अट एवढीच की पॉवर ॲम्पमध्ये वाढीला जागा शिल्लक असावी. स्वभाव बदलायचा तर आधी, तीव्रता बदलायची तर मागाहून, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

मॉडेलर नावाच्या यंत्रांनी हा सारा कारभार संगणकाच्या हवाली केला. लाइन सिक्स कंपनीचा ‘पॉड’ १९९८ मध्ये बाजारात आला, २००६ मध्ये ‘ॲक्स-एफएक्स’ आला, त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी खऱ्या ॲम्प्लिफायरचा ठसा घेणारा केम्पर कंपनीचा ‘प्रोफायलर’ आणि २०१५ मध्ये ‘हीलिक्स’. या पेट्यांत व्हॉल्व्हचे वर्तन गणिताने घडवलेले असते. मूळ यंत्रात जे दोन अधिकार एकमेकांत गुंतलेले होते ते येथे निरनिराळे करता येतात, आणि म्हणूनच येथे दोहोंऐवजी तीन बटणे समजून घ्यावी लागतात. ‘ड्राइव्ह’ किंवा ‘गेन’ हे प्रीॲम्पची विकृती ठरवते. ‘मास्टर’ हे काल्पनिक पॉवर ॲम्पला किती राबवायचे हे ठरवते, म्हणजे तेही स्वभावाचेच बटण असते. आणि ‘चॅनल व्हॉल्यूम’ किंवा ‘लेव्हल’ हे नादाला यत्किंचितही स्पर्श न करता केवळ तीव्रता कमीजास्त करते. ज्या जुन्या यंत्राला मुळात मास्टर नव्हता त्याच्या प्रतिकृतीतही अनेक कारखानदार ते बटण देतात आणि पूर्ण उघडे ठेवतात, कारण मूळ यंत्राचा पॉवर ॲम्प सदैव उघडाच असे. आवाज फार वाटतो म्हणून तेथे मास्टर उतरवणारा वादक आपल्याच हाताने त्या प्रतिकृतीचा प्राण काढून घेतो. त्याने हात घालायला हवा तो लेव्हलला. हेडफोनवर वाजवतानाही पॉवर ॲम्पला पूर्ण राबवता येते, हा या यंत्रांचा जुन्यांवरील खरा वरचष्मा आहे.

त्यांची शिस्त मात्र अधिक कडक असते. व्हॉल्व्हची हद्द गोलाई घेऊन येते. संगणकाच्या हिशेबातील हद्द एकदम येते, आणि तिच्यापलीकडे गेलेला तरंग अशा रीतीने तुटतो की त्यातून केवळ कडकड आवाज ऐकू येतो. म्हणून गिटार आत येण्याच्या ठिकाणी आणि मिक्सरकडे बाहेर जाण्याच्या ठिकाणी सर्वोच्च टोके शून्य डेसिबलच्या खाली सहा ते बारा डेसिबल राहतील असे पाहावे. संगणकातील प्लग-इन वापरताना इंटरफेसवरील गेनचे बटण विसरू नये. ते वाढवले की प्रतिकृतीला अधिक जोराची गिटार मिळाल्यासारखे होते आणि विकृती वाढते. अनेक नाद साठवून ठेवले असतील तर त्यांची तीव्रता एकमेकांशी मिळवताना मीटरचा निर्वाळा अंतिम मानू नये, कारण स्वच्छ नादाची टोके उंच असूनही तो हळू वाटतो आणि विकृत नादाची टोके बुटकी असूनही तो मोठा वाटतो. ही मोजदाद कानानेच, ड्रम आणि बेस चालू असताना, कार्यक्रमाच्या तीव्रतेवर करावी, आणि दुरुस्ती फक्त लेव्हलने करावी.

शहरी वस्तीत राहणाऱ्या आपल्या वादकांना यातील मोठ्या तीव्रतेचा उपदेश बहुधा निरुपयोगी वाटेल, आणि तो आक्षेप रास्त आहे. गिटारचे स्पीकर एक वॅट शक्तीलाच एक मीटर अंतरावर पंचाण्णव ते शंभर डेसिबलपर्यंत आवाज देतात, तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत पन्नास वॅटचे यंत्र पूर्ण उघडण्याचा विचार करण्यात हशील नाही. अशा घरात कमी वॅटचे यंत्र, ॲटेन्युएटर किंवा मॉडेलर यांपैकी काहीतरी पत्करावे आणि कार्यक्रमासाठीचा नाद घरी कायम न करता सभागृहातील तालमीच्या वेळी पुन्हा जुळवण्याची तयारी ठेवावी.

सारांश, नाद मनासारखा लागेना तेव्हा प्रथम एवढाच प्रश्न करावा की तक्रार स्वभावाची आहे की तीव्रतेची. स्वभावाची असेल तर गेन पाहावा, आणि तो वाढवण्याआधी एकदा कमी करून पाहावा. तीव्रतेची असेल तर मास्टर पाहावा, आणि मॉडेलर असेल तर लेव्हल. दोन्ही बटणे एकाच वेळी कधीही फिरवू नयेत, कारण मग सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने झाला याचा हिशेब लागत नाही. महागडे यंत्र घेण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल त्यांनी तो महिनाभर तहकूब ठेवून, आहे त्याच यंत्रावर या रीतीने बसून पाहावे. बहुतेकांना नवे यंत्र घेण्याचे कारण उरणार नाही.